दुपारच्या खेळातली बाई

गुरुवार, दुपार

ती. मावशीला,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातलाय, कारण मी आत्ता तिकीट-खिडकीच्या मागं स्टुलावर बसलोय आणि इथं आडवं पडणं सोड, पाय लांब करायलाही जागा नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला का? मांजरीला पिल्लं झाली का? आईची तब्येत छान आहे. बोलायची ताकद तर पहिल्यापेक्षा वाढलीय, ते तुला फोनवर कळलंच असेल.

आता एक गोष्ट सांगतो. हातात चहा असेल तर खाली ठेव.

आईला तो फोन आला होता ना, ‘तुमचा जावई दुपारच्या खेळाला परक्या बाईबरोबर बसतो, मी एक हितचिंतक, लक्ष ठेवा,’ तो फोन मी केला होता.

हो, मीच. परत वाचू नकोस, बरोबर वाचलंस.

गालात पॉपकॉर्न कोंबून म्हाताऱ्याचा आवाज काढला. आमच्या कॅन्टीनवाल्याकडे एक जुना फोन आहे, त्याच्यावरून फोन जातो पण त्याच्यावर येत नाही, म्हणून मुद्दाम तो घेतला. आईला काही संशय आला नाही. उलट म्हणाली, ‘आपण कोण बोलताय? आवाज थकल्यासारखा वाटतोय आपला, पाणी प्या जरा.’ जन्मात पहिल्यांदा आईनं मला ‘आपण’ म्हटलं, आणि ते असं. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

हे फोनवर का नाही सांगितलंस म्हणशील. तुझा फोन म्हणजे सभेतला कर्णा. तू स्पीकरवर टाकतेस, मग काका, शेजारीण आणि शेजारणीची सून सगळे मिळून ‘हं, मग पुढं?’ विचारतात. म्हणून हे पत्र. शाळा सोडल्यापासून एवढं लिहिलेलं नाही, शाळेत असतानाही नाही. चुका पोटात घाल. आणि आत्ता तुझ्या खांद्यावरून कोणी वाचत असेल तर पत्र मिटव, आतल्या खोलीत जा, कडी लाव.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला वाटेल पोरानं नेहमीसारखी चेष्टा केली. चेष्टा नव्हती. चेष्टेसारखी केली, कारण मला दुसरं काही करताच येत नाही.

मी इथं थिएटरात डोअरकीपर आहे हे तुला माहीत आहे. तिकीट फाडायचं आणि उशिरा येणाऱ्याला अंधारात टॉर्चनं खुर्ची दाखवायची. लागलो त्या दिवशी मॅनेजरनी एकच नियम सांगितला होता, ‘टॉर्च पायावर मारायचा. तोंडावर मारलास तर त्याच दिवशी घरी. लोक सिनेमाचे पैसे देतात असं तुला वाटतं, ते अंधाराचे देतात.’ तेव्हापासून मी निम्मं गाव पायावरून ओळखतो. बँकेतले साहेब मोजे उलटे घालतात. शाळेतल्या मोठ्या बाई चपला काढून मांडी घालून बसतात. हे मी सगळ्यांना सांगत फिरतो. तेच नडलं. पण ते पुढं.

सध्या आमच्याकडे ‘नवराबायको दुरुस्ती केंद्र’ नावाचा सिनेमा लागलाय. विनोदी आहे असं पोस्टरवर लिहिलंय, लिहिलं नसतं तर कळलं नसतं. तीन जोडपी असतात, एकाचंही धड पटत नाही. एक डॉक्टर त्यांना डोंगरावरच्या बंगल्यात नेऊन ठेवतो आणि म्हणतो, आता आठवडाभर कोणी खोटं बोलायचं नाही. मग पहिली बायको नवऱ्याला घोरण्यावरून झोडते, दुसरा नवरा कपाटात लपतो आणि तिसरी दोघं टॉवेल कुणाचा यावरून भांडत सुटतात ते थांबतच नाहीत. शेवटी डॉक्टरचीच बायको त्याला सोडून जाते. मग सगळे रडतात, मिठ्या मारतात, गाणं लागतं. आमचे मशीनवाले काका म्हणतात, ‘यात विनोद कुठंय ते जरा टॉर्च घेऊन बघ रे.’

पहिल्या दिवशी हॉल भरला. मध्यंतरानंतर निम्मा राहिला. नंतर नंतर तर लोक मध्यंतरात चहा घ्यायचे आणि कप घेऊनच घरी जायचे. एक जण निघताना मला म्हणाला, ‘अरे, हे तर मी घरी फुकट बघतो. तेही पुढच्या खुर्चीतून.’

पण सिनेमा लगेच काढता येत नव्हता, करार का काय होता. तेव्हा मॅनेजरच्या डोक्यात आलं. म्हणाले, ‘हसू जांभईसारखं असतं. एकाला आलं की शेजारच्याला येतं. त्या एकाची आपण सोय करू.’ मग आम्हाला हसायच्या ड्यूटीवर लावलं. मी, कॅन्टीनवाला आणि सायकल-स्टँडवाला. तीन कोपऱ्यांत तिघं. मी मुकादम. मी टॉर्च दोनदा चालू-बंद केला की तिघांनी हसायचं. हसायच्या जागा मी ठरवल्या होत्या. घोरणं, कपाट, डॉक्टर जिन्यावरून घसरतो ते. टॉवेलच्या भांडणाला हसायचं नाही, कारण तिथं सायकल-स्टँडवाल्याला खरंच वाईट वाटतं. त्याची बायको माहेरी जाऊन बसलीय.

आणि नेमकं टॉवेललाच कोणतरी हसलं.

खेळ सुटल्यावर मॅनेजरनी तिघांना उभं केलं. ‘टॉवेलला कोण हसलं? जिथं सांगितलंय तिथं मरगळल्यासारखे हसता आणि नको तिथं वाया घालवता?’ आम्ही आपापल्या आईची शपथ घेतली. तरी तिघंही एकमेकांकडे चोरासारखे बघत होतो.

चार दिवसांनी परत तेच. मग मी कान लावून बसलो. दोन हसणारे होते, एक बाप्या, एक बाई. मागच्या रांगेतून, खांबाच्या आडून. तिथून पडदा अर्धाच दिसतो. ती खुर्ची कोणी मागून घेत नाही मावशे, आणि जो मागून घेतो तो पडदा बघायला आलेला नसतो.

बाप्याचं हसू मी ओळखलं. तूही ओळखलं असतंस. जुन्या स्कूटरला किक मारावी तसं हुं, हुं, हुं, आणि मग एकदम चालू. आपले भाऊजी. तू त्यांना पहिल्यांदा आपल्या घरी घेऊन आलीस तेव्हा चहा नाकातून येईपर्यंत असेच हसले होते, आठवतं?

पण बाईचं हसू काही ओळखू येईना. मोठं होतं. उघड्या तोंडाचं. फळीवरची भांडी एकामागून एक खाली यावीत तसं, थांबलं वाटावं की अजून एक झाकण घरंगळत यायचं. असं हसणारी बाई आपल्या नात्यात नाही. मी मनातल्या मनात सगळ्या तपासल्या. राग मानू नकोस, तुलाही तपासलं.

दोघं यायची वेगवेगळी, दिवे गेल्यावर, आणि पलीकडच्या दारानं. तिथं तिकिटं फाडायला सायकल-स्टँडवाला असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘बाई डोक्याला रुमाल बांधून येते, काळा चष्मा लावून.’ अंधारात काळा चष्मा! आणि दिवे लागायच्या आधी दोघंही पसार.

मग एके दिवशी त्यांच्यापाशी जाऊन टॉर्च मारला. पायावर, नियमाप्रमाणे. भाऊजींचे बूट मी ओळखतो, डाव्या बुटाला काळी नाडी आणि उजव्याला तपकिरी. त्यांना खेटून लाल सँडल. उंच टाचेचे, कोरे करकरीत, बक्कल चमकतंय. मावशे, ताईच्या पायात लग्नापासून मी एकच चप्पल बघितलीय, अंगठा शिवलेली.

डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी गेलो चष्म्याच्या दुकानात. भाऊजी काचा पुसत बसले होते.

‘काय मेहुणे, डोळे तपासायचे?’

‘नाही, सहज. भाऊजी, तुम्ही सिनेमे बघता का हो?’

‘छे रे, वेळ कुठं असतो? दुपारी दुकान बंद केलं की इथंच टेबलावर जरा डोळा लागतो, तेवढंच सुख.’

आणि हे बोलताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून पॉपकॉर्नचा एक दाणा डोकावत होता. आमच्या कॅन्टीनचा. आमचा कॅन्टीनवाला हळद घालतो मूठभर, तो पिवळा मी कुठंही ओळखीन.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती आणि भाऊजी सासूबाईंसमोर भांडत होते.

‘डब्याचं झाकण कुठं ठेवलंत?’

‘मी काय झाकणाचा रखवालदार आहे?’

‘उघडायला येतं, लावायला नको!’

‘तूच लाव सगळी झाकणं. मलाही एक लाव!’

सासूबाई मधे पडल्या, ‘तिला कशाला बोलतोस रे, पोर दिवसभर राबते.’ ताईनं डोळे पुसले. मला भडभडून आलं. म्हटलं, इथं ही झाकणावरून रडते आणि तिकडं हा माणूस लाल सँडलला पॉपकॉर्न भरवतो. तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी हितचिंतक झालो.

मला वाटलं होतं आई भाऊजींना एकट्याला गाठेल, चार शब्द सुनावेल, विषय संपेल. आई ही माझीच आई आहे हे मी विसरलो. तिनं दोन दिवस कोणाजवळ ब्र काढला नाही, आणि मग तुला फोन केला. रविवारी तुला घेऊन ताईच्या सासरी जाणार, सासूबाईंच्या समोर भाऊजींना विचारणार, दुपारी कुठं असता, कोणाबरोबर असता, आणि ताईची बॅग भरून घेऊन येणार. स्थळ तू आणलंस म्हणून तुझ्या साक्षीनं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं लिहायला हात होईना म्हणून मघाशी उठून हॉलमध्ये एक चक्कर मारून आलो. चार जण आहेत. चौघंही झोपलेत.

तर, मला पुरावा पाहिजे होता. रविवारी भाऊजी कानांवर हात ठेवणार हे दिसत होतं. सोमवारी टॉवेलचं भांडण सुरू झालं, मागं स्कूटरला किक बसली, भांडी कोसळायला लागली. मी खांबाला वळसा घालून गेलो आणि टॉर्च मारला. तोंडावर.

काळा चष्मा डोक्यावर चढवलेला. तोंड उघडं, डोळ्यांत हसून हसून पाणी, हनुवटीला पिवळं लागलेलं.

ताई होती.

आपली ताई, मावशे. स्वतःच्या नवऱ्याबरोबर.

मी टॉर्च बंदच केला नाही, बघतच राहिलो. बाबा असताना आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसलं की पेपर खाली यायचा. बाबा बोलायचे काही नाहीत, नुसता पेपर खाली यायचा. ताई तोंडावर हात ठेवून हसायला शिकली आणि मी बाहेर जाऊन हसायला शिकलो. तिचं ते हाताखालचं, नाकातलं हसू मला पाठ आहे. हात काढल्यावर ते एवढं मोठं असतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. आणि मी म्हणे हसायचा मुकादम.

‘टॉर्च खाली घे मेल्या,’ ती म्हणाली. भाऊजी खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागले. त्यांचं काही पडलेलं नव्हतं.

मग मागच्या जिन्यात बसून बोललो. तिथं पोस्टरांच्या गुंडाळ्या असतात, कोणी येत नाही.

‘मी इथं कामाला आहे हे माहीत असून आलीस?’

‘गावात दुसरं थिएटर आहे का? आणि तूच सांगत फिरतोस ना, मी माणसं पायावरून ओळखतो म्हणून? तुझ्यासाठीच ह्यांनी सँडल आणले. दुकानातच असतात. येताना घालते, जाताना काढते.’

‘आणि ते झाकण?’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, ‘रखवालदार जरा जास्त झालं का रे? मलाच नंतर वाटलं.’

ऐक आता. त्या घरात दोघं गोड बोलली की सासूबाईंना वाटतं मुलगा हातातून गेला. लगेच त्यांची पाठ धरते, जेवण बंद. दोघं भांडली की पाठ मोकळी होते, उठून ताईला चहा करून देतात, वर मुलाला ओरडतात. पहिल्या वर्षी एकदा खरंच भांडण झालं तेव्हा ताईला हे कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक भांडण करतात, कधी झाकण, कधी पंखा. खोलीला दार नाही, पडदा आहे. ‘मग बोलायचं कुठं?’ ताई म्हणाली. ‘शिवणक्लास कधीच संपला, मी अजून जातेच आहे. हा सिनेमा इतका रटाळ आहे म्हणून बरंय. हॉल रिकामा. आणि ते टॉवेलवाले बघितले की वाटतं, अरे, आपण यांच्यापेक्षा किती छान भांडतो.’

भाऊजी पाणी आणायला गेले. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, ‘खरं सांगू? हल्ली खोटं भांडता भांडता मधेच एखादं वाक्य खरं निघून जातं. तोंडातून गेल्यावर कळतं. त्यांचंही निघतं. मग इथं येऊन विचारतो, परवाचं ते खोटंच होतं ना? ते म्हणतात, खोटंच. मी म्हणते, माझंही. इथं अंधारात पटतं. घरी पटत नाही.’

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. तर ती म्हणाली, ‘बरं झालं बाई तूच निघालास. दुसरं कोणी असतं तर आत्तापर्यंत गावभर झालं असतं.’ मग काय सांगू?

तसाच कॅन्टीनमध्ये पळालो. परत गालात पॉपकॉर्न. ‘बाई, मी तो हितचिंतक. माझी चूक झाली हो. तो माणूस दुसराच होता. तुमचा जावई सोन्यासारखा आहे.’

आई म्हणाली, ‘काय दिलं त्यानं तुम्हाला, हे बोलायला?’ आणि फोन ठेवला. घरी गेलो तर मलाच सांगते, ‘बघ, प्रकरण दडपायला सुरुवात झाली. म्हणजे नक्कीच आहे.’ आणि लगेच ताईला फोन करून विचारलं, ‘तुझा नवरा दुपारी असतो कुठं?’ ताईची बोबडी वळली. आईला वाटलं, बिचारीला सगळं माहीत आहे, सोसतेय.

मंगळवारी ताई इथं खिडकीशी आली. अंगठा शिवलेली चप्पल घालून. तोंडावर रक्त नव्हतं.

‘आईला कोणीतरी फोन केलाय. कोण असेल रे?’

मी म्हटलं, ‘कोण असणार!’ काहीतरी बोलायचं म्हणून.

तिच्या डोक्यात एकेक नाव. समोरचा शिंपी असेल, शिवणक्लासवाली असेल. भाऊजींचा संशय सायकल-स्टँडवाल्यावर. त्या गरिबाच्या नमस्काराला ते आता उत्तरही देत नाहीत. पण हेही एकवेळ चाललं असतं. ती म्हणाली, ‘ह्यांना वाटतंय मीच आईजवळ काहीतरी बोलले. मला वाटतंय ह्यांनी दुकानात कोणाजवळ फुशारकी मारली. काल भांडलो. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत भांडलो.’

कुजबुजत, मावशे. झाकण नाही, पंखा नाही. हे पहिलंच असेल ज्याला प्रेक्षक नको होते.

‘तू शोध,’ ती म्हणाली. ‘तू एवढ्या खोड्या करतोस, तुला बरोबर कळेल कोणाचं डोकं आहे हे.’

‘शोधतो,’ म्हणालो मी.

आता मी माझाच तपास करतोय. तिनं काल विचारलं, आज सकाळी विचारलं. मी म्हणालो, जवळ आलोय. सोमवारनंतर दोघं इकडे फिरकली नाहीत, खांबामागची ती खुर्ची रिकामीच. उद्या हा सिनेमा उतरतोय. नवा मारामारीचा येणार आहे, त्याला उभं राहायला जागा नसते. म्हणजे ‘खोटंच होतं ना’ हे विचारायला त्यांना जागाच राहिली नाही, आणि विचारायला तर आत्ताच पाहिजे.

म्हणून माझं ऐक. रविवारी आई सासूबाईंच्या समोर तोंड उघडणार, आणि शिवणक्लास, भांडणं, सँडल सगळं बाहेर येणार. त्या घरात मग ताईला ना भांडता येईल ना गोड बोलता येईल. आईला खरं सांगावं तर आई आनंदानं वेडी होऊन तेच सासूबाईंना सांगून येईल, ‘अहो, आमची मुलगी सुखात आहे!’ तिला काही पोटात ठेवता येत नाही, तुझीच बहीण.

तर तू शनिवारीच ये. आणि आईला सांग की ती बाई तू होतीस. डोळे तपासायला आले होते, जावयानं डोळ्यांत औषध घातलं, दोन तास काही दिसेना, म्हणून काळा चष्मा लावून सिनेमाला नेऊन बसवलं. आईला पटेल. नंबर तर तू त्यांच्याकडूनच काढून घेतेस. ती रुसेल, गावात येऊन मला भेटली नाहीस म्हणून बोलणार नाही, जुन्या दहा गोष्टी काढेल. तेवढं सोस. सोसशील ना? मी खात्री धरून चाललो नाही. गेल्या आठवड्यापासून मी कशाचीच खात्री धरत नाही.

आणखी एक. ताईला विचारलं, ही रोज खोटं खोटं भांडायची अक्कल तुला दिली कोणी? म्हणाली, एका अनुभवी बाईनं. नाव काही सांगितलं नाही. मावशे, तुझ्या सासूबाई होत्या तोवर तुझं आणि काकांचं भांडण चार गल्ल्यांत ऐकू यायचं. त्या गेल्या आणि एकदम बंद झालं. मला तेव्हा वाटलं होतं, दमली असतील दोघं. आता मला वेगळाच संशय येतोय. हो का नाही ते मला सांगू नकोस. पण मधेच एखादं वाक्य खरं निघून गेलं की तुम्ही काय करत होता, हे तुला माहीत असलं तर शनिवारी ताईला बाजूला घेऊन सांग. मला ते माहीत नाही आणि विचारायला दुसरं कोणी नाही.

पत्र तुमच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. पाकीट तीनदा चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर ड्रायव्हरच.

आणि मावशे, पाया पडतो, तो फोन कोणी केला ते कोणाला सांगू नकोस. आईला नको. काकांना नको, काका झोपेत बोलतात. भाऊजींना नको. सायकल-स्टँडवाल्याची माफी मी माझ्या पद्धतीनं मागेन. आणि ताईला तर नकोच नको. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला तिचा, नवऱ्यावरसुद्धा घेतला, फक्त माझ्यावर घेतला नाही. मी सांगेन तिला. ती दोघं परत नीट बोलायला लागली की मी स्वतः जाऊन सांगेन, मग तिनं मला जिन्यावरून ढकललं तरी चालेल. पण आत्ता नको. आत्ता तिला एक तरी माणूस राहू दे. नको ना सांगूस मावशे. कोणालाच नको.

तुझं,
तूच नाव ठेवलेलं,
कार्टं